लाइन लागली नाही

मध्यंतराच्या थोडं आधी विनता मेली. दवाखान्याच्या खाटेवर, खिडकीतून येणाऱ्या फार स्वच्छ उन्हात, केस उशीवर नीट पसरलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि ओठांवर सगळ्यांना माफ करून टाकल्यासारखं एक शांत हसू. असलं हसू विनताच्या चेहऱ्यावर सदुसष्ट वर्षांत कधी उमटलं नव्हतं. खरी विनता तिसऱ्या रांगेत, नवऱ्याच्या आणि मुलीच्या मधे बसून हे बघत होती. आधी तिच्या नीट लक्षातच आलं नाही. तिला वाटलं बाई बेशुद्ध पडली असेल, आता डॉक्टर येईल. मग पडद्यावरच्या नर्सनं चादर वर ओढली, पार तोंडावरून घेतली, आणि मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. अवंतिका तिच्या कानाशी वाकली आणि हसू दाबत म्हणाली, "आई, तू तर मरून गेली. मतलब मैं तो पैदा ही नहीं हुई." विनतानं अच्युतकडे पाहिलं. तो समोर बघत होता. इतका सरळ समोर बघत होता की तिला कळलं, ह्याला ठाऊक होतं.

चित्रपट अच्युतवर होता. जबलपूरच्या एका साध्या कॉलेजचा फुटबॉल कोच, ज्याला धड मैदान नव्हतं, ज्याच्या पोरांना धड बूट नव्हते, त्यानं ग्वाल्हेरला जाऊन विद्यापीठाचा कप कसा आणला त्याची गोष्ट. मुंबईचा अनुपम नावाचा तरुण दिग्दर्शक दोन वर्षांपूर्वी राइट टाउनच्या त्यांच्या घरी येऊन बसायला लागला होता. अच्युत दिवाणावर, अनुपम खुर्चीत, मधे रेकॉर्ड करणारा मोबाइल, आणि विनता आत पोहे करत होती. अच्युतचं बोलणं तिला स्वयंपाकघरात तुकड्या-तुकड्यांनी ऐकू यायचं आणि ती मनात म्हणायची, बोलू दे, रिटायर झाल्यापासून ह्या माणसाचं कोणी ऐकलेलं नाही. आपण चित्रपटात असू, हे तिला माहीत होतं. सगळ्या कोचांच्या बायका असतात तशा असू, दारात उभ्या, हातात डबा. त्याचं तिला काही नव्हतं. पण तिनं पाहिलं की पडद्यावर कंदिलाच्या उजेडात कोच स्वतः पोरांना गणितं शिकवतो आहे, पूरक परीक्षेत पास झाले नाहीत तर संघात घेणार नाहीत म्हणून, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती गणितं तिनं शिकवली होती. दीक्षितपुऱ्याच्या मुलींच्या शाळेतून दिवसभर खडू उगाळून आल्यावर, सातवा महिना चढत असताना, पाय सुजलेले असताना, तिनं त्या दांडग्या पोरांना पाटावर बसवून त्रैराशिक घोटून घेतलं होतं. अच्युतला स्वतःला टक्केवारी काढता येत नव्हती. अजूनही येत नाही. पडद्यावर सगळ्यांची नावं बदलली होती, कॉलेजचं बदललं होतं, अच्युतचं आडनावसुद्धा दाणीचं काही तरी दुसरंच झालं होतं. फक्त तिचं नाव तसंच ठेवलं होतं, कारण सर ज्या आवाजात ते नाव घेतात तो आवाज म्हणे अनुपमला फार आवडला होता.

चादर तोंडावर गेली आणि लगेच ग्वाल्हेरच्या वसतिगृहातला काळा फोन वाजला. पडद्यावरच्या कोचनं रिसीव्हर उचलला. पलीकडे मेलेल्या बाईचा भाऊ होता. कोच ऐकत राहिला. बाहेर अंगणात पोरं बूट घासत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. बऱ्याच वेळानं तो हळू म्हणाला, "किसी को मत बताना कि मुझसे बात हुई. कह देना, लाइन नहीं मिली." मग त्यानं रिसीव्हर ठेवला, शिट्टी गळ्यात घातली आणि उन्हात बाहेर पडला. दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर लोक अच्युतच्या भोवती जमले. पांढरा सदरा, नवीन जाकीट, बहात्तराव्या वर्षीही ताठ पाठ. तो सगळ्यांचे हात हातात घेत होता आणि काही बोलत नव्हता, आणि न बोलणं त्याला फार शोभत होतं. अवंतिका समोसे आणायला गेली. खड्यांच्या बांगड्या घातलेली एक बाई विनताजवळ आली, तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि मायेनं विचारलं, "भाभीजी, आप बाद में आईं?" क्षणभर विनताला वाटलं, ही चित्रपटाला उशीर झाल्याचं विचारते आहे. मग अर्थ लागला. ती म्हणाली, "नहीं, मैं पहले से हूँ." बाईला काही कळलं नाही, तिनं उगाच विनताच्या दंडावर थोपटलं. तो थोपटलेला दंड विनताला पुढे कितीतरी वेळ दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा वाटत राहिला. पण तिला खुपत होतं ते हे नव्हतं. मेल्याचंसुद्धा नव्हतं. चित्रपटवाले मारतात माणसं. त्यांना रडवायचं असतं. माशाचा काटा घशात अडकावा आणि गिळताना प्रत्येक वेळी टोचावा तसं ते दुसरंच काही टोचत होतं, आणि ते काय ते सापडत नव्हतं. समोशाचा पहिला घास तिनं तोंडात घेतला तेव्हा ते सापडलं. घास तसाच राहिला. लाइन नहीं मिली.

"लाइन नाही लागून राहिली, ताई." हे अंबादास म्हणाला होता. अंबादास तिचा पाठचा भाऊ, चेरीतालला राहायचा, बायकोच्या आधी बहिणीचं ऐकणारा. त्या दिवशी तो दवाखान्याच्या दारात उभा होता, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले, कारण तो सरळ ग्वारीघाटावरून आला होता. तिच्या बाळाला तो एका दुपट्यात गुंडाळून नर्मदेवर घेऊन गेला होता आणि रिकाम्या हातानं परत आला होता. सातव्या महिन्यात झालेलं बाळ, एक रात्र आणि एक दिवस जगलेलं. तिनं त्याला पाहिलं होतं. नाक अच्युतचं होतं, तेवढ्याशा तोंडावरही ओळखू येत होतं. तिनं अंबादासला विचारलं होतं, ह्यांना कळवलं का. त्यानं भिंतीकडे बघत ते वाक्य म्हटलं होतं. भिंतीवर काहीच नव्हतं, एक खिळा होता. ती इतकी वर्षं समजत होती की भाच्याला पाण्यात सोडून आलेला माणूस बहिणीच्या तोंडाकडे बघू शकला नाही. दुःखामुळे बघू शकला नाही. आता अंबादास जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्याच्यावर ओरडायचीही सोय राहिली नव्हती.

मध्यंतरानंतरचा चित्रपट तिनं पाहिला नाही. डोळे पडद्यावर होते. तिथं पोरं चिखलात पडत होती, उठत होती, ढोल वाजत होते, आणि ती दवाखान्याच्या त्या खाटेवर होती. तिथलं ऊन एवढं स्वच्छ नव्हतं. फिनेलचा वास होता, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ रडत होतं, आणि त्याचं रडणं ऐकलं की विनताची छाती भरून यायची, ब्लाउज ओला व्हायचा. दाईनं जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिची छाती करकचून बांधली होती, दूध आटावं म्हणून. सासूबाई म्हणाल्या होत्या, रडू नको, रडलं की जास्त येतं. म्हणून ती रडली नाही. ती त्या पट्ट्यात बांधलेली पडून राहिली आणि एकाच गोष्टीचा विचार करत राहिली, की अच्युत येईल तेव्हा त्याला कसं सांगायचं. त्याला काहीच माहीत नाही. तो बिचारा कप जिंकून, हसत येईल. स्टेशनवरून कॉलेजपर्यंत मिरवणूक निघाली होती, बँड होता, ते तिला मागाहून कळलं. तो आला तेव्हा त्याच्या केसांत गुलाल होता, गळ्यात झेंडूच्या हारातला तुटलेला दोरा राहिला होता. तिनं सासूबाईंना बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला कळू नये म्हणून. टाके होते, डॉक्टरनं हलू नको म्हटलं होतं, तरी ती दोन्ही हातांवर रेटा देऊन उठून बसली, कारण पडल्या-पडल्या सांगितलं तर तो जास्त घाबरेल असं तिला वाटलं. आणि तिनं सांगितलं. शब्द निवडून निवडून, अवघड गणित सोपं करून सांगावं तसं. तो म्हणाला, "काय?" एवढंच. मग स्टुलावर बसला आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. आणि तिनं, सलाइन लावलेल्या हातानं, त्याच्या केसांतला गुलाल पुसला आणि ती म्हणाली, तुमचा काय दोष, तुम्हाला कळलंच नाही तर तुम्ही काय करणार.

तो "काय?" तिला आता ऐकू येत होता. पडद्यावर हजार माणसं ओरडत होती आणि त्यातून तो एक शब्द तिला स्वच्छ ऐकू येत होता, त्याची चढलेली पट्टी, शेवटी आलेला थोडा थरथराट. त्या दिवशी स्टुलावर बसून ह्या माणसानं जे काम केलं, ते पडद्यावरच्या त्या नटाला जन्मात जमलं नसतं. आणि ती त्याला थोपटत होती. राग असा आला की तिला दिसेनासं झालं. अच्युतचा आला, अंबादासचा आला, पण सगळ्यांत जास्त त्या खाटेवरच्या अठ्ठावीस वर्षांच्या मूर्ख बाईचा आला, छाती बांधून घेतलेल्या, टाक्यांवर उठून बसलेल्या, गुलाल पुसणाऱ्या. तिला जाऊन तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शेजारी अंधारात अच्युत रडत होता. पडद्यावर ग्वारीघाटावर चिता पेटली होती, कोच कप घेऊन पाण्यात उभा होता, आणि अच्युत रुमाल तोंडाला लावून, खांदे हलवत, मेलेल्या विनतासाठी रडत होता. त्याचा कोपर तिच्या कोपराला लागत होता. तिनं आपला हात काढून घेतला.

चित्रपट संपल्यावर अनुपम तिच्या पाया पडला. चांगला मुलगा होता, डोळ्यांखाली काळं आलेलं, खूप दिवस न झोपलेला. त्यानं विचारलं, आंटी, तुम्हाला वाईट तर नाही वाटलं. ती म्हणाली, "वो फोनवाली बात, कि कह देना लाइन नहीं मिली. वो आपने लिखी है?"

अनुपमचा चेहरा उजळला. "नहीं आंटी, वो तो सर की ही दी हुई है. जस की तस. एक दिन बैठे-बैठे बता गए और खुद ही चुप हो गए. वही तो फिल्म की जान है." मग त्याला वाटलं आपण समजावून सांगितलं पाहिजे, म्हणून त्यानं आवाज खाली आणला. खरं म्हणजे ते बाळ होतं हे त्याला माहीत होतं, त्यानं तसंच लिहिलंही होतं. "पर एक दिन का बच्चा, आंटी. नाम तक नहीं. लोग उसके लिए कैसे रोएँ? चेहरा चाहिए होता है." हे त्यानं फार आदरानं सांगितलं. विनतानं मान हलवली. पर्स खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरली.

गुणवंत गाडी घेऊन आला होता. त्या संघाचा कॅप्टन, त्रैराशिकात सगळ्यांत कच्चा, आता रेल्वेतून रिटायर व्हायला आलेला. मागे बसलेल्या विनताकडे तो आरशात बघत होता. राहवेना तेव्हा म्हणाला, "काकू, गणिताचं तर त्यांनी साफच खोटं दाखवलं. मी अनुपमजीला बोललो होतो, काकूनं शिकवलं म्हणून. काहून नाही घेतलं कोण जाणे." अच्युत पुढच्या सीटवर होता. तो म्हणाला, सिनेमा आहे गुणवंत, सगळंच कसं घेतील. विनता खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर स्कूटर, ऑटो, ज्यूसची गाडी, कोचिंग क्लासच्या पाट्या, सगळं नेहमीचं होतं, आणि तिला त्या नेहमीच्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवंतिका पुण्याला परत गेली. जाताना तिनं आईला मिठी मारली आणि ती म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेते, लोकांना माहीत आहे तू आहेस. त्या बाळाबद्दल अवंतिकाला ठाऊक होतं, लहानपणी एखाद्या नातेवाइकाकडून ऐकलेलं, पण ते तिच्यासाठी कोणाच्या तरी जुन्या आजारासारखं होतं. विनतानं तिला काही सांगितलं नाही. फाटक लागल्याचा आवाज आला. आत अच्युत वर्तमानपत्र उघडून बसला होता, त्याच्या फोटोसकट बातमी होती. चहा झाला नव्हता. विनता स्वयंपाकघरात गेली नाही. ती त्याच्यासमोर खुर्चीत येऊन बसली, तेव्हाच तो समजला असावा, कारण त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"अंबादासचा फोन लागला होता," ती म्हणाली.

अच्युत घडीकडे बघत होता. "हो."

"मॅचच्या आधी."

"सकाळी. मॅच दुपारी होती." मग तो म्हणाला, "तू सुखरूप आहेस हे त्यानं सांगितलं होतं. ते मी आधी विचारलं, विनता. बाळ गेलं होतं. येऊन मी काय करणार होतो?"

हे त्यानं अगदी सरळ विचारलं. आणि तिला दिसलं की हा प्रश्न त्यानं इतक्या वर्षांत स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत, आता तो कुठेच टोचत नाही. मिळेल त्या गाडीत बसला असता तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलंच असतं. ती पोरं होती, पहिल्यांदा आपल्या गावाबाहेर पडलेली, त्यांना कळलं असतं तर ती खेळली नसती. हिशेब बरोबर होता. टक्केवारी न येणाऱ्या माणसानं मांडलेला, तरी बरोबर. तिच्या हाताची बोटं खुर्चीच्या वेतात रुतली.

"मला दूध आलं होतं," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"नाही आला, ते जाऊ दे. नसता येऊ शकला तू." ती त्याला तू म्हणाली आणि दोघांनाही ते ऐकू आलं. "पण मी सांगितलं तुला. मी उठून बसले होते. टाके होते मला. मी रात्रभर शब्द जुळवले की ह्याला कसं सांगू, ह्याला सोसेल का. आणि तू म्हणाला, काय. तू मला सांगू दिलं सगळं. पूर्ण ऐकून घेतलं."

अच्युतनं वर्तमानपत्राची घडी बाजूला ठेवली. तो म्हणाला, "मी सांगणार होतो. तू बोलायला लागली, मग मला सांगता नाही आलं. मग तू माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्यानंतर कसं सांगायचं असतं?"

"अनुपमला सांगता आलं."

"तो परका होता," अच्युत म्हणाला. "परक्याला सांगता येतं."

ते खरं होतं, आणि ते खरं होतं याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला. खोटं बोलला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. ती उठली. मग तिनं विचारलं की तिला मारायचं ठरलं तेव्हा त्यानं काय म्हटलं. तो म्हणाला, त्यांनी विचारलं, बाळाचं नाही जमून राहिलं, बायको दाखवू का. मी म्हटलं दाखवा. मला वाटलं नाव बदलतील. विनता आत गेली, कढईत तेल टाकलं, मोहरी टाकली, मोहरी तडतडली, जळाली, आणि ती जळू देत उभी राहिली.

पुढचे दिवस घरात दोघंच होती आणि बोलणं नव्हतं. ताट वाढलं जायचं, औषधाची गोळी वाटीत ठेवली जायची, फोन वाजला तर जो जवळ असेल तो उचलायचा. फोन सारखा वाजत होता, लोक अभिनंदन करत होते. तिला वाटलं होतं राग दोन दिवसांत बसेल, वयाप्रमाणे. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, मग राग तरी कुठवर टिकणार. पण तो बसला नाही. त्याला एवढी वर्षं कोणी खाऊ-पिऊ घातलं नव्हतं, आणि आता तो सगळं खायला लागला होता. अच्युतनं तिच्यासाठी केलेल्या चांगल्या गोष्टी तिनं मुद्दाम आठवून पाहिल्या. टायफॉइडमधे तिच्या उशाशी जागलेला अच्युत, अवंतिकाला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारा अच्युत. प्रत्येक आठवणीत तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्याच्या मागे त्याला माहीत होतं. पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना तिला एकदम कळायचं, ह्याही वेळी त्याला माहीत होतं. अवंतिका झाली तेव्हा तो रडला होता, आणि ती म्हणाली होती, बघा, देवानं परत दिलं. तेव्हाही. म्हणजे जे आयुष्य दोघांचं म्हणून तिनं जगलं ते एकाच माणसानं जगलेलं होतं. दुसरा समोर बसून ते बघत होता.

रविवारी कॉलेजच्या मैदानावर अच्युतचा सत्कार होता. गुणवंत न्यायला आला. विनतानं दारातच सांगितलं, मी येत नाही, बरं वाटत नाही. गुणवंतनं अच्युतकडे पाहिलं, अच्युत चपला घालत होता. दोघं गेले. विनता थोडा वेळ पंख्याखाली बसली. मग तिच्या लक्षात आलं की तिला घरात बसवत नाही. त्या दिवाणासमोर, जिथं अच्युतनं परक्याला सांगितलं होतं, तिला एक क्षणही बसवत नव्हतं. कशासाठी जाते आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं घरातली साडी बदललीसुद्धा नाही. कुलूप लावलं, कोपऱ्यावर ऑटोला हात केला.

ती पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. मैदानाच्या एका टोकाला मंडप घातला होता, खुर्च्या भरलेल्या होत्या. मागच्या रांगेत फुटबॉलच्या निळ्या जर्सीतल्या मुली बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिला जागा दिली. मुली खेळतात हे बघून तिला बरं वाटलं, मग त्याचाही राग आला. मंचावर अच्युत, प्राचार्य, गुणवंत, आणखी दोन-तीन जुने खेळाडू. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, पण तिला त्यांचे पाटावर मांडी घालून बसलेले चेहरे ओळखू आले. माइकवर एक तरुण प्राध्यापक होता, ह्याच वर्षी लागलेला असावा, आवाज चांगला, हिंदी फार शुद्ध. त्यानं चित्रपट पाहिला होता हे उघड होतं. तो अच्युतच्या त्यागाबद्दल बोलला, कर्तव्याबद्दल बोलला. तो म्हणाला, ज्या देवीनं ग्वाल्हेरच्या त्या विजयासाठी आपले प्राण दिले, ती आज ह्या मंचावर असायला हवी होती. सगळ्यांना विनंती आहे, स्वर्गीय विनताजींच्या स्मृतीसाठी दोन मिनिटं मौन पाळूया.

लोक उठायला लागले. खुर्च्या करकरल्या. निळ्या जर्सीतल्या मुली उठल्या, प्राचार्य उठले, मंचावरच्या खेळाडूंपैकी एक-दोघं गोंधळून एकमेकांकडे बघत उठले. गुणवंतनं तोंड उघडलं, प्राध्यापकाच्या बाहीला हात लावला, पण तोवर सगळं मैदान उभं होतं आणि माना खाली होत्या. अच्युत उठला. सवयीनं उठला, सगळे उठल्यावर माणूस उठतो तसा, आणि त्याचीही मान खाली गेली. एवढ्या लोकांत बसलेली फक्त विनता होती. समोर नुसत्या पाठी दिसत होत्या. तिला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यावर येऊन छातीत अडकलं आणि तिथं जळायला लागलं. आपल्यासाठी उभं राहिलेलं सगळं गाव तिनं पाहिलं. मग तिला वाटलं, हे माझ्यासाठी नाही. मी तर आहे.

अच्युतनं मान वर केली आणि माणसांच्या फटीतून त्याला ती दिसली. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, हात माइककडे गेला. तो सांगणार होता, चूक झाली आहे, बसा, ती बघा तिथं आहे. विनतानं हाताचा पंजा वर केला. शाळेच्या प्रार्थनेत रांगेतून हललेल्या मुलीला करायची तसा. अच्युत थांबला. तिनं पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरलं, गुडघ्यांवर जोर दिला, आणि ती उठून उभी राहिली. त्या दिवशी ग्वारीघाटावर अंबादास एकटा होता. कोणी उभं राहिलं नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं, ज्याला माहीत होतं तो शिट्टी गळ्यात घालून मैदानावर गेला होता. तिनं मान खाली केली नाही. ती सरळ उभी राहिली आणि त्या तेवढ्याशा तोंडावरचं नाक तिनं डोळ्यांपुढे आणलं.

अर्धं मिनिटही झालं नसेल. प्राध्यापक माइकमधे खाकरला आणि म्हणाला, "ओम शांति. आप सब स्थान ग्रहण करें." खुर्च्या परत करकरायला लागल्या.

"अभी नहीं हुआ," विनता म्हणाली.

माइक नव्हता, पण वर्गात चाळीस मुलींना गप्प केलेला आवाज होता, तो मंचापर्यंत गेला. लोकांनी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत घरातल्या साडीतली एक म्हातारी उभी होती, कोण होती कोणास ठाऊक. अर्धवट बसलेली माणसं खुर्चीच्या काठावर अडखळली. प्राध्यापकानं प्राचार्यांकडे पाहिलं.

"दो मिनट बोले थे आप," ती म्हणाली. "अभी नहीं हुए. खड़े रहिए."

आणि लोक परत उभे राहिले, आधी निळ्या जर्सीतल्या मुली, मग बाकीचे. मैदानापलीकडच्या रस्त्यावरून एक ऑटो गेला, त्याचा आवाज लांब लांब जात विरून गेला. मंचावर गुणवंत मागच्या रांगेकडे बघत होता. त्याच्या शेजारी अच्युत उभा होता, दोन्ही हात बाजूला सोडलेले, आणि आता तो रडत नव्हता. विनतानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर वर नेली, मंडपाच्या कनातीच्या वर, जिथं उतरतं आभाळ होतं. तिनं कोणाला बसायला सांगितलं नाही.